गोव्याहून गेलेला गेंडा : एका वुडकटच्या कामाच्या नोंदी

१४ ऑक्टोबर

काम आज पक्कं झालं. वाचनालयाच्या वरच्या दालनात मे महिन्यात जुन्या प्राणिचित्रांचं छोटं प्रदर्शन लावायचं आहे. जुन्या चित्रांच्या छापील प्रतिकृती असतील आणि त्यांच्या मधोमध माझा एक नवा वुडकट, म्हणजे लाकडी फळीवर कोरून कागदावर छापलेलं चित्र. विषय गेंडा. सगळे गेंडे नाहीत, एकच: सप्टेंबर १५१४ मध्ये गुजरातहून गोव्यात आलेला आणि जानेवारी १५१५ मध्ये तिथून जहाजात चढवलेला.

न्यूरेंबर्गचा जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याचं १५१५ सालचं गेंड्याचं चित्र बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले, खांद्यावर आणखी एक छोटं वळीव शिंग. चित्रकला शिकणाऱ्या मुलांना ते दाखवतात आणि सांगतात, बघा, न पाहता काढलेलं चित्र. ते ज्या जनावराचं आहे त्याने मांडवीच्या काठी काही महिने काढले, हे मात्र सांगत नाहीत. मला तिथूनच सुरुवात करायची आहे.

१९ ऑक्टोबर

पाट्यांसाठी हकीकत लिहून काढली. मुलांना कळेल अशी हवी, म्हणून सनावळी कमी ठेवली. इथे मात्र पूर्ण टिपून ठेवते.

गोवा पोर्तुगिजांनी १५१० मध्ये घेतला. त्यानंतर त्यांचा गव्हर्नर आफोंसो द आल्बुकेर्क याला दीवला किल्ला हवा होता. दीव गुजरातच्या सुलतानाचं. १५१४ मध्ये त्याने सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याच्याकडे वकील पाठवले. किल्ल्याला सुलतानाने नकार दिला, पण दोन्ही बाजूंनी नजराणे दिले-घेतले गेले आणि वकिलांबरोबर हा गेंडा गोव्याला आला. आल्बुकेर्कने तो पोर्तुगालचा राजा पहिला मानुएल याला पाठवायचं ठरवलं. जहाजाचं नाव 'नोसा सेन्योरा द आजुदा'. बरोबर मसाल्याचा माल आणि गेंड्याला सांभाळणारा एक हिंदी माणूस. त्याचं नाव पोर्तुगीज कागदांत 'ओसेम' असं येतं. आफ्रिकेला वळसा घालून जहाज २० मे १५१५ रोजी लिस्बनला लागलं. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिलेला नव्हता.

३ जूनला राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली. गेंडा आणि हत्ती हाडवैरी, असं प्राचीन रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं होतं; राजाला ते पडताळून पाहायचं होतं. गेंडा सावकाश पुढे आला. गर्दीच्या कोलाहलाने बिथरलेलं हत्तीचं पिल्लू पळून गेलं, आणि प्लिनी खरा ठरला असं सगळ्यांनी मानलं.

डिसेंबरमध्ये राजाने गेंडा पोप दहावा लिओ याला भेट म्हणून पुन्हा जहाजात चढवला. गळ्यात हिरव्या मखमलीचा, फुलांच्या नक्षीचा पट्टा. वाटेत मार्सेलजवळच्या एका बेटावर फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा तो पाहून गेला. १५१६ च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्यालगत, पोर्तो व्हेनेरेच्या पुढे, वादळात जहाज बुडालं. भारतीय गेंडा उत्तम पोहतो. काझीरंगात ब्रह्मपुत्रेचं पाणी चढलं की गेंडे पोहत उंचवट्याकडे जातात. हा मात्र डेकला साखळीने जखडलेला होता.

तो पाठवणारा आल्बुकेर्क त्याच डिसेंबरमध्ये गोव्याच्या बंदराशी पोचता पोचता जहाजावरच वारला. हे पाटीवर घेणार नाही; मुलांचं लक्ष गेंड्यावरून हलायला नको.

२६ ऑक्टोबर

आज दिवसभर चित्रं शेजारी शेजारी लावून बसले. या कामातला सगळ्यात मोलाचा दिवस हाच ठरेल असं वाटतं.

लिस्बनहून एक पत्र आणि एक रेखाटन न्यूरेंबर्गला पोचलं. त्यावरून ड्यूररने आधी पेनाने चित्र काढलं. ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मग लाकडी ठसा झाला. त्याच वर्षी आउग्सबुर्गमध्ये हान्स बुर्कमायर यानेही गेंड्याचा वुडकट केला. त्याची एकच प्रत उरली आहे, व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात. त्यानेही जनावर पाहिलेलं नव्हतं.

दोघांकडची माहिती जवळपास सारखीच असावी. पण बुर्कमायरचा गेंडा कातडीचा आहे. खांद्यावर जादा शिंग नाही, पत्रे नाहीत, खिळे नाहीत. आणि पुढच्या पायांत बेडी आहे.

ही बेडी पाहिल्यापासून माझं लक्ष दुसरीकडे लागत नाही. बुर्कमायरने एका बांधलेल्या जनावराचं चित्र काढलं. ड्यूररने बेडी घेतली नाही. त्याच्या चित्रावर वर छापलेला मजकूर सांगतो की हा प्राणी ठिपकेदार कासवाच्या रंगाचा, हत्तीएवढा, पाय आखूड, जवळजवळ अभेद्य. शिंग दगडावर घासून धार लावतो, हत्तीच्या पोटात घुसवतो. (त्या मजकुरात गेंडा आल्याचं साल १५१३ पडलं आहे, ते चूक आहे; पाटीवर तसं नोंदवायचं.) असा अजिंक्य योद्धा दाखवायचा तर पायात बेडी कशी चालेल? बेडी काढली आणि चिलखत चढवलं. चित्र म्हणून ड्यूररचं कैक पटींनी सरस आहे, हे मी रेषा पाहूनच सांगते. पण त्या जनावराची खरी अवस्था बुर्कमायरने नोंदवली.

पुढे पसरलं ते ड्यूररचं. त्याच्या हयातीतच चार-पाच हजार प्रती छापल्या गेल्या असाव्यात असा अंदाज मांडतात. १५५१ मध्ये झुरिकच्या कोनराड गेस्नरने आपल्या प्राण्यांच्या मोठ्या ग्रंथात तेच चित्र उतरवून घेतलं, तिथून इतरांनी. दोनशेहून अधिक वर्षं युरोपातला सुशिक्षित माणूस गेंडा म्हणून जे ओळखत होता त्याला खांद्यावर शिंग होतं आणि पायात बेडी नव्हती.

माझ्या चित्रात साखळी येणार. ठरलं.

२ नोव्हेंबर

लाकूड. जर्मनीत त्या काळी नासपतीच्या फळ्या वापरत: घट्ट, एकसारखी, नस बारीक. आपल्याकडे सागवान सहज मिळतं, पण त्याची नस मोकळी, बारीक रेघ तुटते. आंबा आणि पांगारा हलके. लाकडी खेळण्यांना ठीक, याला नाहीत. सुतारकाकांनी हेदूची जुनी फळी काढून दिली. पिवळसर, जड, हात फिरवला तर नस लागतच नाही. "अशी आता मिळायची नाही हं, जपून कोर," एवढं बजावून पैसे अर्धेच घेतले.

मापं ड्यूररच्या चित्राएवढीच ठेवली, साधारण २१ बाय ३० सेंटिमीटर. रंधा मारून, पॉलिश पेपरने घासून फळी कोरड्या खोलीत ठेवली आहे. पावसाची ओल अजून हवेत आहे. घाईने कोरायला घेतलं तर फळी वाकेल.

९ नोव्हेंबर

मूळ काम सुरू करण्याआधी ड्यूररच्या गेंड्याचा खांदा आणि मान एवढाच तुकडा वेगळ्या फळीवर कोरते आहे. दुसऱ्याची रेघ हाताने कोरल्याशिवाय ती कळत नाही.

वुडकटमध्ये रेघ उभी ठेवायची आणि तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं. म्हणजे कागदावर पेनाने एका झटक्यात येणारी रेघ लाकडात दोन काप देऊन, तळाशी रुंद ठेवून घडवावी लागते. एकमेकींना छेदणाऱ्या रेघा तर फारच जिकिरीच्या: प्रत्येक चौकटीतला इवलासा चौकोन टोकदार पात्याने वेगळा उचलायचा. ड्यूररसारखे चित्रकार रेखाटन करत आणि कोरायचं काम त्यात मुरलेले कारागीर करत. त्या कारागिराचं नाव चित्रावर नाही. ड्यूररची 'ए' आणि 'डी' ही अक्षरं आहेत.

कोरता कोरता जे कळलं ते असं. अंगावरचे पत्रे हवेतून आलेले नाहीत. भारतीय गेंड्याच्या कातडीला खांद्यामागे आणि मांडीपुढे खरोखरच खोल घड्या असतात. लांबून पाहिलं तर तुकडे जोडल्यासारखं दिसतं. खांद्यावर आणि मांड्यांवर खरोखर गोल पुटकुळ्या असतात. रेखाटनात घडीची नुसती रेघ आली असेल, तर ती रेघ कशाची हे चित्रकाराला ठरवावंच लागतं. न्यूरेंबर्ग चिलखतांसाठी नावाजलेलं शहर, आणि त्याच सुमाराला ड्यूरर स्वतः चिलखतांवरच्या नक्षीची रेखाटनं करत होता. कडेला ओळीने खिळे आले ते त्या सवयीने. झुंजीसाठी गेंड्याला खरोखरच चिलखत घातलं होतं, असंही काही अभ्यासक सुचवतात. मला ते पटत नाही, कारण बुर्कमायरकडे त्याचा मागमूस नाही. खांद्यावरचं वळीव शिंग मात्र कुठल्याच घडीतून निघत नाही. तरी चित्रात ते नेमक्या जागी आहे. पाठीची लांब रेघ तिथे अडते आणि नजर पुन्हा मानेकडे वळते. ते झाकून पाहिलं तर पाठ ओकीबोकी वाटते.

आणखी एक. त्याने जनावर चौकटीत गच्च बसवलंय. नाकावरचं शिंग उजव्या कडेला, पार्श्वभाग डाव्या कडेला, वर पाठीला टेकायला आलेला मजकूर. पायात बेडी दाखवली नसली तरी हलायला जागा कुठेच ठेवलेली नाही.

१७ नोव्हेंबर

काझीरंगाच्या कोहोरा भागात केलेली जुनी रेखाटनं काढली. त्यातलं उपयोगाचं:

पायाला बोटं तीन. वरचा ओठ टोकदार, गवताचा पुंजका पकडून ओढतो. कान मोठे, नळीसारखे, सतत वेगवेगळ्या दिशांना फिरणारे. शिंग हाडाचं नसून आपल्या नखांसारख्याच पदार्थाचं; कोंडलेली जनावरं ते भिंतींवर, गजांवर घासून झिजवतात. मोठ्या नराची खांद्यापाशी उंची पावणेदोन मीटरपर्यंत, म्हणजे शेजारी उभ्या माणसाचं डोकं त्याच्या पाठीच्या बरोबरीला येईल. ड्यूररच्या चित्रात मोजमाप कळायला काहीच नाही. शेजारी माणूस आला की सगळं बदलतं.

म्हणून ओसेम चित्रात हवा. त्याचा चेहरा मी बनवणार नाही. त्याच्याबद्दल इतकं थोडं लिहिलं गेलंय की नाक-डोळे दिले तर ते माझ्या पदरचे होतील. तो पाठमोरा, गेंड्याच्या डोक्याजवळ, एक हात कानामागे. गेंडा त्याच्याकडे कान वळवून. साखळी पुढच्या पायापासून चौकटीच्या बाहेर जाते.

पार्श्वभूमी काय? मांडवी, माड, जहाज असं सगळं काढून पाहिलं. ते पर्यटनाच्या भित्तिचित्रासारखं होतंय. खाली जहाजाच्या फळ्यांच्या आडव्या रेघा एवढंच ठेवलं. सुमारे चार महिने त्या जनावराच्या पायाखाली त्याच होत्या.

२५ नोव्हेंबर

चित्र पातळ कागदावर उतरवून, उलटं करून, खळीने फळीवर चिकटवलं. वरून थोडं खोबरेल चोळलं की कागद पारदर्शक होतो आणि रेघा स्पष्ट दिसतात. उद्यापासून कोरणं.

१५ डिसेंबर

कोरणं रोज सकाळी दोन-तीन तास. त्याहून जास्त नाही, हात दमला की पातं घसरतं. पात्यांना रोज निसण्यावर धार. कातडी कशी दाखवायची हा मुख्य प्रश्न होता. खवले नकोत, पत्रे नकोत. शेवटी पुटकुळ्यांच्या जागी लाकूड गोल पटाशीने टिपून घेतलं, म्हणजे काळ्यावर पांढरे थेंब येतील, आणि घड्यांच्या आत आडव्या रेघा दाट केल्या. पोटाखाली रेघा विरळ.

संध्याकाळी पाट्यांचा दुसरा भाग लिहिला: चूक कशी सुधारली गेली. इथे क्लाराची गोष्ट येते. बंगालमध्ये डच कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या घरात वाढलेली ही मादी १७४१ मध्ये रॉटरडॅमला पोचली. डाउव माउट व्हान डर मेर नावाचा डच जहाजाचा कप्तान तिला सतरा वर्षं युरोपभर फिरवून पैसे घेऊन दाखवत होता. १७५८ मध्ये लंडनला ती मेली. पण तिच्यामुळे युरोपातल्या चित्रकारांना मान वळवून, मागून, पुढून गेंडा पाहता आला. शरीररचनातज्ज्ञ अल्बिनसच्या १७४७ च्या ग्रंथात चित्रकार यान वांडेलारने दोन चित्रांत मानवी आकृतीच्या मागे तिला उभं केलं, एकात समोरून, एकात पाठीमागून. १७४९ मध्ये पॅरिसमध्ये ज्यां-बाप्तिस्त उद्रीने तिचं पूर्णाकृती चित्र रंगवलं, सुमारे साडेचार मीटर रुंद. आज ते जर्मनीत श्वेरीनला आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफोंच्या निसर्ग-इतिहासात आलेला गेंडा उद्रीच्या कामावरून. तिथे ड्यूररच्या शिंगाची सद्दी संपली.

प्येत्रो लोंगीने १७५१ मध्ये व्हेनिसच्या कार्निव्हलमध्ये तिला रंगवलं. तोवर तिचं शिंग गळून पडलं होतं. चित्रात ते शिंग रखवालदाराच्या हातात आहे. मुखवटे घातलेले प्रेक्षक कठड्यामागून पाहताहेत. क्लारा खाली मान घालून चारा खाते आहे. या चित्राची प्रतिकृती माझ्या वुडकटच्या बरोबर समोरच्या भिंतीवर लावणार.

४ जानेवारी

एक गोष्ट मनाला लागून राहिली होती, ती आज पाट्यांमध्ये घेतली. गेंड्याच्या चित्रांचा इतिहास म्हटलं की पुस्तकं १५१५ पासून सुरू होतात. ज्यांच्या रानात गेंडा होता त्यांनी तो आधीपासून पाहून घडवला होता.

मोहेंजोदडोच्या मुद्रांवर गेंडा आहे. तीन-चार सेंटिमीटरच्या दगडी चौकोनात कोरणाऱ्याने कातडीच्या घड्या, पुटकुळ्या, कान, शिंग सगळं नेमकं उतरवलं आहे. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी. काही मुद्रांवर त्याच्यापुढे गव्हाणीसारखं काहीतरी ठेवलेलं दिसतं. उलटं कोरायचं, म्हणजे ठसा उमटल्यावर सुलटं दिसेल, हे त्या कारागिराचं काम आणि माझं काम एकच. सध्या हेदूच्या फळीवर वाकून बसले की त्याची आठवण हटकून येते.

महाराष्ट्रातलाही एक आहे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ मध्ये ब्राँझच्या चार भरीव वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, म्हैस आणि गेंडा. गेंडा चाकांच्या गाड्यावर उभा आहे. त्याचं छायाचित्र पहिल्याच पाटीवर मोठं लावायचं. इथल्या मुलांनी आधी तो पाहावा, मग ड्यूरर.

मधला दुवा बाबर. 'बाबरनाम्या'त त्याने पेशावरच्या बाजूच्या रानांतले गेंडे वर्णन केले आहेत. शिकारही केली होती. १५८९ मध्ये अब्दुर्रहीम खानखानाने त्याचा फारसी अनुवाद अकबराला सादर केला आणि दरबारी चित्रकारांनी सचित्र प्रती केल्या. त्यांत गेंड्याच्या शिकारीची चित्रं आहेत. तिथे गेंडा पळतो, वळतो, घोड्यावर धावून जातो. आज पेशावरकडे एकही गेंडा नाही. जगातले भारतीय गेंडे चार हजारांच्या आसपास, आणि त्यांतले २,६१३ एकट्या काझीरंगात, २०२२ च्या गणनेनुसार.

१८ जानेवारी

पहिली प्रत काढली. शाई तेलाची, काळी, रोलरने पातळ थर देऊन. कागद पुण्याचा हातकागद, आदल्या रात्री ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवलेला. छापायला यंत्र नाही. कागदाच्या पाठीवर लाकडी डावाचा फुगीर भाग गोल गोल घासत गेले.

गेंडा उजवीकडे तोंड करून उभा राहिला. पुटकुळ्या हव्या तशा आल्या. साखळी जरा बारीक वाटते आहे: ती दिसली पाहिजे, पण चित्र तिचंच होता कामा नये. तिच्या दोन कड्यांभोवतीचं लाकूड अजून थोडं काढलं, म्हणजे काळं कडं पांढऱ्यात सुटं पडेल. ओसेमचा हात मात्र पहिल्याच प्रतीत नीट बसला. त्या हाताला आता पातं लावायचं नाही.

२ फेब्रुवारी

२० प्रतींची आवृत्ती छापून वाळत घातली. फळीला भेग नाही. ड्यूररच्या ठशाला त्याच्यानंतर वर्षानुवर्षं छापताना पायांच्या पातळीवर आडवी भेग गेली आणि वाळवीसारख्या किड्यांनी भोकं पाडली. उशिराच्या प्रतींमध्ये ती स्पष्ट दिसतात. माझी फळी साफ पुसून, कापडात गुंडाळून, आडवी ठेवली आहे.

वुडकटखालची पाटी अशी:

"गेंडा आणि ओसेम, जानेवारी १५१५. गोवा ते लिस्बन. या गेंड्याची युरोपात छापलेली चित्रं शेजारी आहेत. त्यांतल्या कोणत्या चित्रात त्याचे पाय बांधलेले आहेत ते शोधा."

वाचनालयाच्या ताईंनी विचारलं, लहान मुलांना साखळी, बुडणं वगैरे सांगायचं का? मी म्हटलं, सांगायचं. चित्रातलं शिंग खोटं हे ज्यांना सांगतो त्यांना साखळी खरी होती हेही सांगावं. त्यांनी होकार दिला. फक्त बुडाल्याची पाटी काझीरंगातल्या पोहणाऱ्या गेंड्यांच्या छायाचित्राशेजारी लावूया म्हणाल्या. ती जागा चांगली आहे.

राहिलेली कामं: अल्बर्टिनामधल्या बुर्कमायरच्या चित्राची मोठी प्रतिकृती छापून आणणे. दायमाबादच्या छायाचित्राची परवानगी. लोंगीच्या चित्राला काच नको, समोरून उजेड येतो.

हेदूचा एक तुकडा उरला आहे. त्यावर जहांगीराचा टर्की कोंबडा घेईन म्हणते. १६१२ मध्ये मुकर्रब खानाने गोव्यात तो घेऊन दरबारात नेला आणि उस्ताद मन्सूरने समोर ठेवून रंगवला. तुकडा उभा आहे, पक्ष्याला पुरेल.